गर्भाचे पहिले पाच दिवस

जबलपूरचा दीक्षितपुरा असो वा मुंबईची चाळ, लग्नाला चार-सहा वर्षे लोटूनही पाळणा हलला नाही, की नवस, उपास आणि टोमणे यांचा भार बहुधा सुनेवरच पडतो. वाचकहो, वास्तविक दोष पुष्कळदा पतीकडे असतो. कित्येकदा स्त्रीच्या बीजवाहिन्या बंद असल्याने बीजांची भेटच होत नाही.

निसर्गतः ही भेट बीजवाहिनीत होते व तेथूनच गर्भ हळूहळू गर्भाशयाकडे सरकतो. हा मार्ग बंद असेल, तर ते पहिले दिवस गर्भाने प्रयोगशाळेतील काचपात्रात काढावयाचे. पण तेथे त्याचे पोषण कसे व्हावे?

याचे उत्तर प्रथम उंदरांनी दिले. १९५६ साली ऑस्ट्रेलियातील व्हिटन यांनी उंदराचे आठ पेशींचे गर्भ साध्या क्षारद्रावात वाढविले. १९५८ मध्ये लंडनला ॲन मॅक्लारेन व जॉन बिगर्स यांनी असे गर्भ मादीच्या उदरात ठेवले व निरोगी पिले जन्मली. पुढे असे आढळून आले, की अगदी कोवळ्या गर्भाला ग्लुकोजपेक्षा पायरुव्हेट मानवते. ग्लुकोजची गरज त्याला नंतर भासते. ऊब मात्र आईच्या अंगाइतकी, सदतीस अंश, लागते. आणि प्राणवायू बाहेरच्या हवेतल्याहून बराच कमी.

या ज्ञानाच्या बळावर १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिली बालिका जन्मली. त्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनाही यश आले, परंतु हयातीत त्यांना मान्यता लाभली नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी कन्यारत्न जन्मास आले.

पूर्वी गर्भ दोन-तीन दिवसांतच गर्भाशयात ठेवीत. आता पुष्कळ ठिकाणी तो पाचव्या दिवसापर्यंत वाढवितात. सर्वच गर्भ तेथवर पोहोचत नाहीत; जो पोहोचतो, तो एकच ठेवल्यास जुळ्या-तिळ्यांचा धोका टळतो.

तरीही यशाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे ध्यानी असावे. २०२१ च्या कायद्यान्वये अशा केंद्रांची नोंदणी आवश्यक आहे. ती पाहूनच पाऊल टाकावे. आणि पहिली तपासणी पती-पत्नी दोघांनी बरोबरच करून घ्यावी. सुनेच्या डोळ्यांतील निम्मे पाणी त्यानेच आटेल.