दिवे लागतात, मग गाडी का सुरू होत नाही?

हेडलाइट लागतो, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठणठणीत, असा सर्रास समज आहे. पण दोन्ही हेडलाइटना मिळून दहाएक अँपिअर (विद्युतप्रवाहाचे एकक) पुरतात. स्टार्टरला शंभराहून अधिक लागतात. टाकी भरलेली, पण नळात गाळ. चूळ भरण्यापुरते पाणी येते, बादली भरत नाही, तसेच हे. म्हणून बंद गाडीत मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले तरी निर्णय होत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि तेव्हाच मोजा. आकडा साडेनऊखाली घसरला, तर बॅटरी उतरली आहे किंवा थकली आहे. तो टिकला आणि नुसतीच ‘टक’ ऐकू आली, तर बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा धातू यांमधला व्होल्टेज किल्ली फिरवतानाच पाहा. अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल, तर अर्थिंग (प्रवाह परतण्याची वाट) सैल किंवा गंजलेले आहे.

भिलाईचा चाळिशीपलीकडचा उन्हाळा बॅटरीला आतून झिजवतो. दोष मात्र बहुधा डिसेंबरच्या सकाळी उघड होतो, आणि बोल थंडीला लागतो. भिलाईतल्याच सुपेला भागात नवी बॅटरी घ्यायला जाण्याआधी टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी घासून काढा, नट आवळा आणि पुन्हा मोजा.