ग्रह म्हणायचं तरी कुणाला?

मुलांनो, आईबाबांना विचारा, "ग्रह किती?" ते चटकन म्हणतील, "नऊ." तुमच्या पुस्तकात आहेत आठ. निवाड्यासाठी आजोबांकडे गेलात, तर ते नवग्रहांची नावं सांगतील. त्यात सूर्य, चंद्र आणि राहू-केतूसुद्धा! पृथ्वी मात्र नाही.

म्हणजे हा हिशेब पूर्वीपासूनच बदलत आलाय, बरं का. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरातून जुझेप्पे पियात्सी यांना आकाशात एक ठिपका सरकताना दिसला. मंगळ आणि गुरू यांच्या मधला हा सेरेस. लगेच त्याला ग्रहांच्या पंगतीत पाट मिळाला. १८०७ पर्यंत त्याच पट्ट्यात पालास, जुनो, वेस्टा सापडले. तेही ग्रहच ठरले. पण १८४५ पासून अशा ठिपक्यांची रीघच लागली. पंगत आवरेना! शेवटी या सगळ्यांना उठवून 'लघुग्रह' म्हणून वेगळं बसवलं.

१९३० मध्ये अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांनी प्लूटो शोधला. त्याचा व्यास जेमतेम २३७७ किलोमीटर. आपला चंद्रसुद्धा त्याच्याहून मोठा! तरी पाऊणशे वर्षं प्लूटो नववा ग्रह म्हणून मिरवला. मग २००५ मध्ये एरिसचा शोध जाहीर झाला. आकारानं जवळजवळ प्लूटोएवढा, वस्तुमानानं त्याहून जास्त. आता घ्यायचं तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही.

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं चक्क मतदान घेतलं. अटी तीन ठरल्या. ग्रहानं सूर्याभोवती फिरावं. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं गोल होण्याइतका तो जड असावा. आणि आपल्या कक्षेचा परिसर त्यानं मोकळा केलेला असावा. नेपच्यूनपलीकडे प्लूटोच्या आसपास असंख्य बर्फाळ गोळे फिरतात. तिसऱ्या अटीत तो नापास झाला आणि 'बटुग्रह' ठरला. गंमत म्हणजे त्याच दिवशी सेरेसला मात्र बढती मिळाली. तोही बटुग्रह!

अ‍ॅलन स्टर्न या शास्त्रज्ञांना हा निर्णय अजिबात पटला नाही. २०१५ मध्ये प्लूटोजवळून गेलेल्या 'न्यू होरायझन्स' यानाच्या मोहिमेचे ते प्रमुख. त्यांचं म्हणणं असं, की पृथ्वीच उचलून तितक्या दूर ठेवली तर तिलाही तेवढा मोठा परिसर मोकळा करता येणार नाही. मग ग्रह ओळखायचा तो स्वतः कसा आहे यावरून, की त्याच्या शेजारपाजाऱ्यांवरून? मला तरी त्यांचा प्रश्न रास्त वाटतो.

शिवाय दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे पाच हजारांहून जास्त ग्रह सापडलेत. प्रागच्या व्याख्येत त्यातला एकही बसत नाही. पहिलीच अट आहे ना, सूर्याभोवती फिरण्याची!