टायरांचा आवाज आणि स्वारीचे सुख

रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या स्कॉटिश इंजिनियराने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, तेव्हा त्या दस्तऐवजात शोधाचे जे हेतू नमूद होते त्यांत गाडी ओढण्याचे श्रम हलके व्हावेत आणि स्वारीला हिसके कमी बसावेत ह्यांच्या जोडीला चाकांचा आवाज कमी व्हावा हाही एक हेतू स्पष्ट शब्दांत लिहिलेला होता. ती कल्पना पुढे विस्मृतीत गेली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने ती स्वतंत्रपणे पुन्हा हुडकून काढली, आणि तेव्हापासून हवेच्या टायरांचा अंमल जगभरच्या रस्त्यांवर अव्याहत चालू आहे. परंतु थॉमसनचा तो तिसरा हेतू टायर विकत घेणाऱ्यांच्या मनातून मात्र जवळजवळ पुसला गेला. एरवी पेट्रोलच्या भावावर तासभर बोलू शकणारा मोटारमालक टायरच्या दुकानात शिरला, की कितीला पडेल आणि किती किलोमीटर चालेल, ह्या दोनच प्रश्नांवर सौदा उरकतो, आणि मग पुढली चार-पाच वर्षे काचा बंद करूनही शेजारच्या माणसाशी आवाज चढवून बोलत राहतो.

पूर्वीच्या मोटारींत हे खपून जात असे, कारण इंजिनच एवढे गरजत असे की टायरांची कुरकुर त्यात बुडून जाई. आता इंजिने सौम्य झाली आहेत, विजेच्या मोटारीत तर तेवढाही आवाज उरलेला नाही, आणि ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे साध्या मोटारीचाही मुख्य आवाज चाकांचाच असतो. त्यात आपल्याकडचे मोठे रस्ते सिमेंट काँक्रीटचे झाले. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावरून वा नागपूरपासून निघणाऱ्या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गावरून ज्याने मोटार हाकली आहे त्याला तो एकसुरी घुमारा सांगायला नको. काँक्रीटचा पृष्ठभाग डांबराहून कठीण असतो, आणि पाण्यात चाके घसरू नयेत म्हणून त्यावर मुद्दाम बारीक रेघा ओढलेल्या असतात. त्या रेघा सुरक्षिततेच्या खात्यात जमा असल्या तरी कानांच्या खात्यात खर्चीच पडतात. ह्यातून निघणारा पहिला निष्कर्ष असा, की ‘शांत टायर’ अशी स्वयंभू वस्तू जगात नाही. जे टायर कोथरूडच्या गुळगुळीत डांबरी गल्लीत मुके वाटतात तेच द्रुतगती महामार्गावर उर्स्याच्या टोलनाक्यापुढे वाचाळ होतात, आणि एका मोटारीत शांत ठरलेले टायर पत्रा पातळ असलेल्या दुसऱ्या मोटारीत तसे ठरतीलच असे नाही.

हा आवाज उत्पन्न होतो कसा, हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे, कारण दुकानदाराच्या मखलाशीतून खरे काय ते निवडायला हेच ज्ञान उपयोगी पडते. टायरच्या पृष्ठभागावर नक्षी असते, म्हणजे खाचांनी वेगळे केलेले रबराचे ठोकळे असतात. चाक फिरताना प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो आणि मागच्या बाजूने सुटतो. त्या आपटण्याचे स्पंदन टायरच्या पट्ट्यांतून, तेथून रिम, सस्पेन्शन आणि मोटारीच्या तळापर्यंत जाते, आणि तो खालच्या पट्टीतला घरघराट कानांपेक्षा तळपायांना आधी समजतो. दुसरा आवाज हवेचा. ठोकळा दाबला गेला की खाचेतली हवा पिळून बाहेर पडते आणि तो उचलला गेला की पुन्हा आत खेचली जाते; हे सेकंदाला शेकडो वेळा घडत असल्यामुळे त्याचा सूर होतो, आणि टायरची वक्र कड व सपाट रस्ता ह्यांच्यामध्ये जी निमुळती जागा राहते ती कर्ण्याचे काम करून तो सूर वाढवते. तिसरा प्रकार टायरच्या पोटातल्या हवेच्या अनुनादाचा. साध्या मोटारीच्या चाकात तो सुमारे २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि पुलाच्या सांध्यावरून मोटार गेली की ऐकू येणारा तो पोकळ टणत्कार पुष्कळदा त्याचाच असतो.

सगळे ठोकळे एकाच मापाचे ठेवले तर सगळ्यांचे आपटणे एका लयीत येऊन एकच तीव्र सूर निघेल. म्हणून कारखानदार त्यांची मापे मुद्दाम लहानमोठी ठेवतात, पलटण पूल ओलांडताना शिपायांना पावले मोडायला लावतात त्याच युक्तीने. दुकानात टायर हाती आला तर परिघावरून बोट फिरवून पाहावे. एक ठोकळा रुंद, पुढचा अंमळ अरुंद, त्यापुढचा मध्यम असा फरक चांगल्या टायरमध्ये डोळ्यांनीही टिपता येतो. उलट मोठमोठे, सुटे, रांगडे ठोकळे असलेला टायर दिसायला कितीही मर्दानी वाटला तरी तो चिखलाच्या वाटेसाठी आहे, आणि दररोज कचेरीला जाणाऱ्या माणसाने तो घेणे म्हणजे स्वखर्चाने कटकट विकत घेणे होय.

तथापि नवे टायर घेण्याच्या आधी हा आवाज टायरांचाच आहे ना, ह्याची चौकशी व्हावी. चाकाची बेअरिंग खराब झाली म्हणजे जो गुंगाट येतो तो टायरांच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो, की चारही टायर बदलून घेतल्यावर तो तसाच राहिलेला पाहून पुष्कळ सद्गृहस्थ हतबुद्ध होतात. परीक्षा सोपी आहे: डांबरावरून काँक्रीटवर गेल्याबरोबर आवाजाचा पोत बदलला तर संशयित टायर; रस्ता कोणताही असो, आवाज तोच राहिला, पण मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीउजवीकडे वळताना वाढला वा घटला, तर संशयित बेअरिंग. मेकॅनिकने जॅकवर चाक फिरवून दिलेली साक्ष ह्या बाबतीत शेवटची मानावी. तसेच पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल वेळेवर न केल्यास नक्षीचे ठोकळे एका बाजूने झिजून करवतीच्या दात्यांसारखे होतात. तळहात नक्षीवरून एका दिशेने सरकवला तर गुळगुळीत आणि उलट दिशेने सरकवला तर खरखरीत लागला, की समजावे, आवाजाचे मूळ अलाइनमेंटमध्ये अथवा आपल्या आळसात आहे. आणि ते न काढता नवे टायर बसवले तर वर्षा-दोन वर्षांत तेही तीच तक्रार करू लागतील.

आता मापाकडे वळू. टायरच्या कडेवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे काहीतरी छापलेले असते. टायर १८५ मिलिमीटर रुंद आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर आहे. बांधणी रेडियल असून रिम पंधरा इंची आहे. ८८ ह्या अंकाचा अर्थ एक टायर ५६० किलो भार पेलू शकतो आणि एच ह्या अक्षराचा अर्थ ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगास तो पात्र आहे. ह्या साऱ्या अंकांत स्वारीच्या सुखाचा खरा जामीन तो ६५ आहे. खड्ड्याचा धक्का प्रथम झेलते ती बाजूची भिंत आणि तिच्या आतली हवा. सस्पेन्शनची पाळी त्यानंतर येते. आता कोणी हौसेने सोळा इंची अलॉय रिम घेऊन त्यावर १९५/५५ आर १६ चढवतो. चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो, स्पीडोमीटरही बिघडत नाही, पण भिंतीची उंची १०७ मिलिमीटरवर येते. म्हणजे खड्डा आणि आपल्या पाठीचा कणा ह्यांच्यामधली सुमारे तेरा मिलिमीटर उशी आपण पैसे मोजून काढून टाकली. शिवाय रुंदी वाढली की रस्त्याला टेकणारे रबर वाढते आणि सर्वसाधारणपणे आवाजही वाढतो. रुंद टायरांनी मोटार देखणी दिसते हे कबूल. पण त्याच माणसाने पुढच्या महिन्यात ‘शांत टायर सुचवा’ म्हणून विचारणे हा शुद्ध वदतोव्याघात आहे. माझे मत विचाराल तर कंपनीने दिलेले मूळ माप सोडू नये, आणि त्याच मोटारीच्या खालच्या श्रेणीला लहान रिमचे, उंच भिंतीचे अधिकृत माप दिलेले असेल व ते ब्रेकना अडत नसेल, तर हौशी माणसाच्या नेमके उलट जाण्याचा विचारही करून पाहावा. भाराचा अंक मात्र मूळ अंकाहून कधीही खाली येता कामा नये.

युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरांवर २०१२ सालापासून एक लेबल चिकटवावे लागते, त्यात इंधनाची बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड ह्यांच्या श्रेणींबरोबर आवाजाचा डेसिबलचा अंकही असतो. तो अंक पाहून आपल्याकडचे चौकस ग्राहक टायर निवडू लागले आहेत, आणि त्यात एक गफलत होते. हा आवाज ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने, इंजिन बंद ठेवून वाहत जाणाऱ्या मोटारीचा, मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने मोजलेला असतो. म्हणजे तो रस्त्याकडेला राहणाऱ्याच्या कानांचा हिशेब आहे, आत बसलेल्याच्या कानांचा नव्हे. तळातून चढणारा घरघराट त्यात येत नाही. तरीही तो अंक निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण तीन डेसिबलच्या फरकात ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, आणि ६८ व ७१ हे अंक वाटतात तितके शेजारी नसतात. भारतातही केंद्र सरकारने २०२२ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून चाक फिरताना होणारा विरोध, ओली पकड आणि आवाज ह्या तिन्ही बाबींसाठी मर्यादा घालून दिल्या. युरोपीय नियमांनुसार मंजूर झालेल्या टायरच्या कडेवर वर्तुळातल्या ई अक्षराजवळ मंजुरीचा लांब क्रमांक असतो. त्याच्या शेवटी एस, डब्ल्यू आणि आर ही अक्षरे दिसली तर अनुक्रमे आवाज, ओली पकड आणि फिरण्यातला विरोध ह्या तिन्ही कसोट्यांना तो उतरला असे समजावे.

नावेच हवी असतील तर मिशलिनचा प्रायमसी, काँटिनेंटलचा कम्फर्टकाँटॅक्ट, ब्रिजस्टोनचा टुरांझा, योकोहामाचा ब्लूअर्थ ह्या मालिका शांत आणि मऊ स्वारी डोळ्यांसमोर ठेवून विकल्या जातात. अपोलो, सिएट, एमआरएफ ह्यांच्या यादीतही त्या वळणाचे टायर असतात आणि किंमत पुष्कळदा हलकी असते. पोटात फोमचा थर चिकटवून तो मघाचा अनुनाद शोषणारे टायरही निघाले आहेत. ते बहुधा मोठ्या मापांत आणि महागड्या मोटारींसाठी मिळतात, आणि पंक्चर काढताना तेवढ्या जागेचा फोम कापावा लागत असल्यामुळे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला ते पाहून घाम फुटतो. एवढे मात्र ध्यानात असावे की मऊ रबर बोलते कमी आणि झिजते लवकर. लाखभर किलोमीटरची बढाई मारणारा टायर लोण्यासारखा चालेल ही अपेक्षा अन्याय्य आहे. आणि आवाज व ओली पकड ह्यांत निवड करण्याचा प्रसंग आलाच तर आषाढात खंडाळ्याचा वा वरंध्याचा घाट आठवावा आणि पकडीच्या बाजूने निकाल द्यावा.

दुकानात गेल्यावर पहिली नजर तारखेवर टाकावी. कडेवरच्या लंबगोल चौकटीत चार अंक असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. रबर पडून पडून कठीण होते आणि कठीण रबर आवाज करते, सबब दोन-तीन वर्षे गोदामात काढलेला माल कितीही सवलतीत मिळाला तरी शांततेच्या गिऱ्हाइकाने तो परतवावा. कडेवर बाण असेल तर फिरण्याची दिशा आणि ‘आउटसाइड’ असे कोरलेले असेल तर बाहेरची बाजू पाहूनच टायर चढला पाहिजे. घाईत उलटा चढलेला टायर आवाजही करतो आणि पावसात पाणीही नीट कापत नाही. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागच्या चाकांना बसवावेत, इंजिन पुढच्या चाकांना ओढत असले तरीही, कारण ओल्या वळणावर मागची बाजू सुटली तर सामान्य चालकाला ती आवरत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती हवेत. टायरची कड रिमवर नीट बसावी म्हणून दुकानातला पोरगा चाळीस पीएसआयच्या वर हवा भरतो, ‘टप्प’ असा आवाज झाला की टायर बसला असे मानतो, आणि मग हवा उतरवण्याचे विसरून चाक मोटारीला लावून मोकळा होतो. मालक घरी जाताना म्हणतो, नवे टायर दगडासारखे लागतात. चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा दाराच्या कडेला कंपनीने हवेचा आकडा छापलेला असतो. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी मोटार बाहेर काढण्यापूर्वी वा जेमतेम दोन-तीन किलोमीटरच्या आत, तोच आकडा ठेवावा. नायट्रोजनचा आग्रह असेल तर खुशाल धरावा, पण साध्या हवेतही तो अठ्ठ्याहत्तर टक्के असतोच. पहिले दोन-तीनशे किलोमीटर टायरवरचा साच्यातला निसरडा थर जाईपर्यंत ब्रेक बेताने लावावेत, स्टीअरिंगला थरथर आली तर बॅलन्सिंग पुन्हा करून घ्यावे, आणि बिलावर प्रत्येक टायरचा अनुक्रमांक व मोटारीचे त्या दिवशीचे किलोमीटर लिहून घ्यायला विसरू नये, कारण पुढे टायरला फुगवटा आला तर हमीचा दावा त्या कागदावर चालतो.