पक्षाघात : घरच्यांना काय सांगावं, कधी सांगावं

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयात येतो, तेव्हा त्याच्यामागे घरची चार-पाच माणसं धावत येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "वाचतील ना?" मी एका सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. डॉक्टरांचं म्हणणं नातेवाइकांना आणि नातेवाइकांचं डॉक्टरांना समजावून देणं, हे माझं रोजचं काम. या आजारात सगळी माहिती एकदम देता येत नाही. ती टप्प्याटप्प्यानं द्यावी लागते.

पहिल्या तासात रुग्णालयच तुम्हाला विचारतं, "यांना शेवटचं धडधाकट कोणी, किती वाजता पाहिलं?" अनेकांना ही उलटतपासणी वाटते. पण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. रात्री दहाला झोपलेला माणूस पहाटे वाकड्या तोंडानं उठला, तर वेळ रात्री दहापासून धरली जाते. मेंदूत रक्तस्राव नाही, हे आधी सीटी स्कॅन करून पाहतात. इंजेक्शनानंही रक्तस्राव होऊ शकतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात तो शंभरातल्या सुमारे सहा रुग्णांना झाला होता. त्याच अभ्यासात तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहिलेले रुग्णही इंजेक्शन घेतलेल्यांमध्येच जास्त होते. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी सांगायला हव्यात. वेळ थोडा असतो. सही करणाऱ्यानं तीनच प्रश्न विचारावेत : फायदा काय, धोका काय, आणि नाही दिलं तर काय?

पुढचे चार-पाच दिवस अधिक अवघड. मोठ्या झटक्यानंतर मेंदूची सूज तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत वाढू शकते. काल हाक मारल्यावर बघणारा रुग्ण आज गुंगीत जातो आणि नातेवाइकांना वाटतं, आपल्यापासून काही लपवलं. म्हणून ही शक्यता पहिल्याच दिवशी सांगितलेली बरी. आमच्या वॉर्डात डॉक्टर रोज ठरलेल्या वेळी घरच्या एका ठरलेल्या माणसाशी बोलतात. नाहीतर सकाळी मुलानं ऐकलेलं एक, रात्री जावयानं ऐकलेलं दुसरं, आणि जिन्यात वादावादी!

पण हा 'एक माणूस' कोण, हेही पाहावं लागतं. बहुतेक वेळा पुढे होतो तो मुलगा किंवा भाऊ, आणि उशाशी बसलेली असते बायको. "आईला काही सांगू नका, ती घाबरेल," असं मला नेहमी सांगतात. एकदा गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी मुलाला बजावलं होतं. आजींना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या मायेनं चमच्यानं चहा भरवायला निघाल्या. नर्सनं वेळीच पाहिलं म्हणून बरं; चहा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला असता. तेव्हापासून आम्ही खाटेशी मोठ्या मराठी अक्षरांत पाटी लावतो, आणि सेवा करणाऱ्या माणसालाही डॉक्टरांसमोर बसवतो.

आणखी एक. रुग्णाची वाचा गेली, तरी त्याला ऐकू येत असतं आणि पुष्कळदा समजतही असतं. "आता काही खरं नाही," असली चर्चा खाटेशी नको.

शेवटचा टप्पा घरी जाण्याचा. कुशीवर कसं वळवायचं, बसवून कसं भरवायचं, हे कागदावर लिहून भागत नाही. वॉर्डातच एकदा स्वतःच्या हातानं करून पाहा. गोळ्यांचा कागद समजला नाही, तर पुन्हा विचारा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, उपचारांची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवीत.

"पूर्ण बरे होतील का?" याचं नक्की उत्तर पहिल्या आठवड्यात कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत जास्त वेगानं होते, नंतरही होत राहते. तेव्हा डॉक्टर "आत्ताच सांगता येत नाही" म्हणाले, तर ते टाळत आहेत असं समजू नका. पुन्हा कधी सांगता येईल, तो दिवस मात्र विचारून घ्या.