पुण्याची अक्षरं, इंग्रजी शब्द

दिलेली अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधताना आधी ठरवावं: क्रम पाळायचा, की नुसती हजेरी पुरे? 'पुणे'चं स्पेलिंग पी, यू, एन, ई. क्रमाने हवीत, तर 'प्रून', 'नेपच्यून' आणि 'पंक्चर' (शहराला शोभतोच!). क्रम सोडला की 'न्यूमोनिया'ही येतो. न्यूमोनियातला पी उच्चारात नसतो, म्हणून कानावर विसंबू नये. 1978 पूर्वीच्या 'पूना' स्पेलिंगात ओ दोनदा आहे. तिथे संगणकाला 'ओ आहे का?' एवढंच विचारून भागत नाही, अक्षरं मोजायला लावावी लागतात. 'टीस्पून', 'हार्पून' बसतात. एकाच ओचा 'पर्सनल' गळतो. हाताने शोधताना स्वरांऐवजी आधी पी धरावा, यादी पटकन आटते.