सोडा, थंड लोणी आणि जायफळ

स्कोन हा ब्रिटिश चहाच्या टेबलावरचा पदार्थ म्हणून आज ओळखला जात असला, तरी त्याचे मूळ घर स्कॉटलंडमधील शेतकऱ्यांच्या चुलीपाशी आहे आणि त्याचा जुना अवतार ओव्हनमध्ये नव्हे, तर लोखंडी तव्यावर भाजला जात असे. थंड व पावसाळी हवामानामुळे तेथील बहुतेक भागांत गहू फारसा पिकत नव्हता आणि सामान्य माणसाचे पोट ओट व सातू या धान्यांवर चाले. या पिठांची जाड, गोल भाकरी ‘बॅनॉक’ या नावाने ओळखली जाई आणि ती ‘गर्डल’वर, म्हणजे कमानीसारखी कडी असलेल्या व चुलीवर टांगता येणाऱ्या सपाट लोखंडी तव्यावर, भाजली जाई. या तव्याला इतके महत्त्व होते की फाइफ परगण्यातील कूरस गावाला तो घडवण्याचा मक्ता १५९९ मध्ये राजा सहावा जेम्स याने दिला होता. स्कोन हे बॅनॉकचेच मऊ भावंड होय. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने १७८६ च्या आपल्या संग्रहात सातूची थोरवी गाताना स्कोनचा जो उल्लेख केला आहे, तो याच चपट्या स्कोनचा. आज हॉटेलांत मिळणाऱ्या उंच, फुगीर स्कोनशी त्याचे साम्य फार थोडे होते.

ही उंची रसायनशास्त्राने दिली. मिठापासून धुण्याचा सोडा तयार करण्याची निकोला लब्लां या फ्रेंच संशोधकाची पद्धत १७९१ मध्ये पुढे आली आणि एकोणिसाव्या शतकात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, स्वस्त होऊन साध्या घरांतही पोहोचला. सोडा हा अल्कली, म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ असून आम्ल व ओलावा मिळताच त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पिठात अडकून त्याला फुगवतो. स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये लोणी काढल्यानंतरचे आंबट ताक घरोघर असे, त्यामुळे आम्लासाठी वेगळी खटपट करावी लागली नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे रसायनविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये सोडा व कोरडे आम्ल एकत्र करून बेकिंग पावडर बनवली; त्यांच्या पत्नीला यीस्ट, म्हणजे पाव फुगवणारे किण्व, सोसत नसे, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. पुढे दोनच वर्षांनी ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी ही पावडर आधीच मिसळलेल्या पिठाचे पेटंट घेतले. यीस्टच्या पावाला तास-दोन तास विश्रांती लागते, तर स्कोन पीठ मळल्यापासून अर्ध्या तासात ताटात येतो. दुपारच्या चहाची इंग्रजी प्रथा याच काळात रुजत होती आणि अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी इतका सोयीचा पदार्थ दुसरा नव्हता.

गोड मसाले, म्हणजे दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग यांसारखे तिखटपणापेक्षा सुगंधासाठी वापरले जाणारे मसाले, इंग्रजी भाजकामात त्याच्या कितीतरी आधीपासून होते आणि ते सणासुदीचे मानले जात. लंडनच्या बाजार अधिकाऱ्याने १५९२ मध्ये मसाल्याचे पाव विकण्यावर बंदी घातली, तिला अपवाद केवळ अंत्यविधी, गुड फ्रायडे आणि नाताळ यांचा होता. यीस्टच्या पावात मसाला बेतानेच घालावा लागतो, कारण दालचिनीला तिचा गंध देणारे सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य यीस्टची वाढ मंदावते. सोड्याला अशी अडचण नाही, आणि म्हणूनच स्कोन हे गोड मसाल्याचे फार चांगले वाहन ठरते. ब्रिटनमध्ये त्यासाठी ‘मिक्स्ड स्पाइस’ नावाचे तयार मिश्रण मिळते, ज्यात दालचिनी, जायफळ, ऑलस्पाइस ही जमैकाकडील सुवासिक वाळवलेली फळे, सुंठ, लवंग आणि बरेचदा धनेही असतात. धन्यांचे नाव वाचून मराठी वाचकाला नवल वाटेल. पण गोड पिठात धन्यांचा वास संत्र्याच्या सालीच्या अंगाने जातो.

घरी हे मिश्रण करताना दोन गोष्टी पाहाव्यात. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, एकेरी, कडक साल बहुधा ‘कॅशिया’ या भाऊबंद झाडाची असते; तिचा वास उग्र आणि किंचित जळजळीत असतो. सिलोनी दालचिनीच्या कांडीत कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले दिसतात, ती बोटांनी सहज चुरते आणि तिचा गंध सौम्य असतो. जायफळ मात्र नेहमी अखंड घेऊन ऐनवेळी किसावे, कारण त्यातील सुगंधी तेल उडून जाणारे असते आणि डब्यातल्या जुन्या पुडीत कडवटपणाच तेवढा शिल्लक राहतो. कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांत जायफळ व दालचिनी ही दोन्ही आंतरपिके म्हणून घेतली जातात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ हे जायफळाचे व ‘कोकण तेज’ हे दालचिनीचे वाण प्रसारित केले आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघराला या मसाल्यांसाठी दूर पाहण्याची गरज नाही.

आठ मध्यम स्कोनसाठी २५० ग्रॅम मैदा, तीन सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर, ४५ ग्रॅम साखर, ६० ग्रॅम लोणी, साधारण १५० मिलिलिटर दूध आणि मूठभर बेदाणे लागतात. मसाल्यांत दालचिनीपूड एक चमचा, सुंठ अर्धा चमचा, किसलेले जायफळ पाव चमचा आणि लवंगपूड केवळ चिमूटभर. अंडे लागत नाही. दुधाऐवजी दाट, आंबट ताक घेतल्यास बेकिंग पावडर दोन चमचे करून पाव चमचा खाण्याचा सोडा घालावा, कारण ताकातल्या आम्लाला उतारा हवा. मात्र सोडा वाढला तर तो पूर्ण न विरता राहतो, चव बिघडते, आणि न चाळलेल्या सोड्याची गुठळी राहिली असेल तिथे कापल्यावर पिवळट ठिपका दिसतो. पीठ, मसाले आणि फुगवणारे घटक दोनदा एकत्र चाळून घेण्यामागे हेच कारण आहे. पाकिटातले लोणी बहुधा खारवलेले असल्याने वेगळे मीठ घालू नये.

यापुढची पायरी समजून घेण्यास दिवाळीच्या शंकरपाळ्यांचे मोहन उपयोगी पडते, अर्थात उलट्या बाजूने. शंकरपाळ्यांत कडकडीत मोहन घालतात, ते पिठाच्या कणाकणाला सारखे माखते, पिठाचा मुटका वळतो आणि पदार्थ खुसखुशीत होतो. स्कोनचे मोहन मात्र थंडगार असावे लागते. फ्रिजमधून काढलेल्या लोण्याचे लहान तुकडे बोटांच्या टोकांनी पिठात इतकेच चोळावेत की मिश्रण रवाळ दिसावे आणि अधूनमधून मुगाएवढे तुकडे शाबूत राहावेत. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. ओव्हनच्या उष्णतेने या तुकड्यांतील पाण्याची वाफ होते, ती पिठाचे पदर उचलते आणि विरघळलेल्या लोण्याच्या जागी पोकळी राहते. तुपात पाणी जवळजवळ नसते, म्हणून तुपाचा स्कोन भुसभुशीत होतो पण उचलला जात नाही. घरचे पांढरे लोणी चालते, मात्र त्यातले ताक धुऊन, निथळून आधी घट्ट गार करावे लागते.

दूध एकदम ओतून सुरीने किंवा उलथन्याने चार-सहा वेळा ढवळावे आणि पीठ जेमतेम एकत्र येताच थांबावे. पोळीची कणीक जितकी तिंबावी तितकी चांगली, या शिकवणीत वाढलेल्या हाताला हे सर्वांत कठीण जाते. पाणी मिळाल्यावर आणि मळल्यावर गव्हातील प्रथिनांचे जे ताणले जाणारे जाळे तयार होते त्याला ग्लुटेन म्हणतात. पोळीला ते हवे असते, स्कोनला ते चिवट करते. ब्रिटनमधील मऊ गव्हाचे पीठ या बाबतीत सौम्य असते, तर आपल्याकडचा मैदा ब्रँडनुसार कमीजास्त पाणी पितो. जाळे फार घट्ट होत असेल तर २५ ग्रॅम मैद्याच्या जागी कॉर्नफ्लोअर घ्यावे. गोळा ओबडधोबड, किंचित चिकट राहिला तरी बिघडत नाही. तो गुळगुळीत दिसू लागला तर मात्र मळणे जास्त झाले असे समजावे.

पिठी भुरभुरलेल्या ओट्यावर गोळा हातानेच थापून अडीच सेंटीमीटर जाड करावा. लाटणे फिरवले की वायू निसटतो, आणि एक सेंटीमीटरचा स्कोन ओव्हनमध्ये कितीही आशेने ठेवला तरी बिस्किटच होतो. धारदार कडेची वाटी किंवा साचा सरळ खाली दाबून तसाच उचलावा. फिरवला तर कडा चेपून मिटतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. वरून दूध लावताना ते बाजूंवर ओघळू देऊ नये, कारणही तेच. २२० अंश सेल्सिअसला पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये १२ ते १४ मिनिटे पुरतात. लहान ओव्हनचे दार उघडताच उष्णता झपाट्याने उतरते, म्हणून ट्रे भरून तयार असल्याशिवाय ते उघडू नये.

ओव्हन नसेल तर कुकरमध्ये वाळू घालून भाजण्याचा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा स्कॉटलंडच्या जुन्या वाटेने जाणे शहाणपणाचे, कारण कुकरमध्ये उष्णता मुख्यतः खालून येते आणि वरचा भाग पांढराच राहतो. तेच पीठ दीड सेंटीमीटर जाडीचे गोल थापून त्याचे चार चतकोर करावेत. जाड बुडाचा तवा मंद आचेवर तापवून त्यावर चिमूटभर पीठ टाकावे. ते हळूहळू सोनेरी झाले तर तवा योग्य, लगेच काळे पडले तर आच जास्त. पीठ भुरभुरलेल्या तव्यावर चतकोर दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटे भाजावेत, मग कडेवर उभे करून मधल्या पांढऱ्या बाजूही शेकाव्यात आणि लगेच सुती फडक्यात गुंडाळावेत, म्हणजे वाफेने ते मऊ राहतात.

स्कॉटलंडचा आणखी एक प्रकार मराठी स्वयंपाकघराला विशेष जवळचा ठरावा. ग्लासगोजवळचे ग्रीनॉक हे साखर शुद्ध करण्याचे मोठे केंद्र होते आणि त्या प्रक्रियेत उरणारा काळा, दाट, किंचित कडवट पाक, म्हणजे ‘ट्रीकल’, सुंठ व दालचिनीसह स्कोनमध्ये घातला जाई. आपल्याकडे त्याची जागा काकवीने घ्यावी. ट्रीकल हा साखर काढून घेतल्यानंतरचा अवशेष आहे, तर काकवी हा उसाचा अख्खा आटवलेला रस असल्याने ती जास्त गोड व कमी कडू असते. म्हणून दोन मोठे चमचे काकवी घातल्यास साखर निम्मी आणि दूध दोन चमच्यांनी कमी करावे. काकवीचे स्कोन लवकर तांबूस होतात, तेव्हा आच २०० अंशांवर ठेवावी.

खाण्याच्या रीतीबद्दल डेव्हन आणि कॉर्नवॉल या शेजारी परगण्यांत जुना वाद आहे: डेव्हनमध्ये आधी साय आणि वर जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर साय. तिथली ‘क्लॉटेड क्रीम’ ही साय मंद आचेवर तासन् तास तापवून धरलेली असते, आणि कॉर्नवॉलच्या सायीला १९९८ पासून युरोपीय कायद्याने नावाचे संरक्षण मिळाले असून तिच्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. साध्या स्कोनसाठी हा वाद रंगतदार आहे. मसाल्याच्या स्कोनवर मात्र जॅमचा आंबटपणा जायफळाला गिळून टाकतो. त्याला नुसते लोणी पुरे, आणि तेही स्कोन सुरीने न कापता हाताने मधून उघडून, गरम असतानाच लावलेले. भाजलेला स्कोन दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. म्हणून एका वेळी सगळे न भाजता उरलेल्या कच्च्या चकत्या ताटलीत सुट्या गोठवाव्यात आणि मग डब्यात भराव्यात. त्या न वितळवता तशाच ओव्हनमध्ये घालाव्यात आणि तीन-चार मिनिटे जास्त भाजाव्यात.