शिकल्या पोरांचं देणं

सातारा-सांगलीच्या शिक्षणाचा मागोवा घेताना १९१९ या सालापाशी दोनदा थांबावं लागतं. त्या वर्षी जूनमध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज सांगलीत सुरू झालं. ४ ऑक्टोबरला कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. एकीकडे पुण्याची परंपरा, संस्थानिकांचा आश्रय आणि गव्हर्नराचं नाव होतं. दुसरीकडे खेड्यापाड्यातल्या जात्यावर बाजूला काढलेली मूठभर जोंधळ्याची रास. तरीही दोन्ही संस्था उभ्या राहिल्या त्या एकाच भांडवलावर. शिकून बाहेर पडलेल्या माणसानं आपलं आयुष्य परत शिक्षणात ओतलं, हे ते भांडवल.

हा पायंडा याच मातीतला. गोपाळ गणेश आगरकर कराड तालुक्यातल्या टेंभूचे, जन्म १८५६ चा. अत्यंत गरिबीत शिकले, डेक्कन कॉलेजातून एम.ए. झाले आणि आईला कळवून टाकलं की, मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस. १८८४ मध्ये त्यांनी टिळक आणि इतर सहकाऱ्यांसह डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढली. तिथले आजीव सभासद मोजक्या वेतनावर वीस वर्षं शिकवण्याचं वचन देत. पस्तीस वर्षांनी हीच सोसायटी सांगलीत आली तेव्हा आगरकर हयात नव्हते, पण त्या शिस्तीची माणसं सोबत आली.

शिष्यवृत्तीच्या बाबतीतही साताऱ्याचा दाखला मोठा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर चढलं. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल, आणि तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईत बी.ए. करताना त्यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपये मिळू लागले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरता मंजूर झाली, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार झाला. बडोद्यात जातीपायी राहायला जागा मिळेना, तेव्हा ती नोकरी टिकली नाही. पण १९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. त्या जुन्या २५ रुपयांची परतफेड यापेक्षा मोठी कशी असणार?

भाऊराव स्वतः वसतिगृहाचं लेकरू. जन्म कुंभोजचा, घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवड्याचं, शिक्षण कोल्हापूरला. तिथं अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला. त्यापायी स्वतःचं बोर्डिंग सुटलं, आणि शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातवार वसतिगृहं काढली होती. भाऊरावांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. सांगलीजवळच्या दूधगावात १९१० साली सहकाऱ्यांसोबत काढलेला विद्यार्थी आश्रम ही त्याची पहिली तालीम म्हणायला हवी. पुढे पोटासाठी ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडत होते, आणि नांगराबरोबर शाळेची गोष्टही पोहोचवत होते.

त्याच फिरस्तीत इस्लामपूरजवळच्या एका गावी शाळेच्या दाराबाहेर बसवलेलं एक दलित पोर त्यांच्या नजरेला पडलं. ज्ञानदेव घोलप त्याचं नाव. भाऊरावांनी त्याला उचलून कोल्हापूरच्या बोर्डिंगात घातलं. दाराबाहेर बसणारा तो मुलगा पुढे मुंबईच्या कायदेमंडळाचा सभासद झाला.

१९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं, तेव्हा त्याला सरकारी अनुदान नव्हतं की गर्भश्रीमंत देणगीदार नव्हता. होता तो मुष्टिफंड. बाई पहाटे दळायला बसली की जात्यात घालायच्या धान्यातली एक मूठ बोर्डिंगच्या मडक्यात टाकायची. आठवड्याला ते मडकं रितं करून धान्य गोळा व्हायचं आणि पोरांच्या भाकरीला लागायचं. ज्या घरातून मूठ आली, त्या घरातलं एखादं पोर पुढे तीच भाकरी खायला बोर्डिंगात येऊन बसे. देणारा आणि घेणारा यांच्यात अंतरच नव्हतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण इथं दान घेताना कुणाची मान खाली गेली नाही.

मूठ पुरली नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. भाऊराव गावाला गेलेले, कोठीत दाणा नाही, पोरं उपाशी. अशा वेळी त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं, ही हकिकत साताऱ्यात आजही सांगतात. सांगायलाच हवी. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावानं संस्थेत पुढे शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली. कॉलेजात जाणाऱ्या गरीब मुलानं तिथून कर्ज घ्यायचं, नोकरीला लागलं की फेडायचं, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाच्या हातात पडतो. माजी विद्यार्थ्यानं आजच्या विद्यार्थ्याला मदत करायची याहून सरळ व्यवस्था शोधून सापडणार नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. ज्या सयाजीरावांनी साताऱ्याच्या शाळेतून गेलेल्या मुलाला परदेशी पाठवलं, त्यांचंच नाव साताऱ्यातल्या मोफत शाळेला लागलं. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आलं आणि त्याबरोबर ‘कमवा व शिका’ कॉलेजच्या पातळीवर गेलं. मुलं शेतात राबत, खडी फोडत, इमारतीच्या पायासाठी माती उपसत, आळीपाळीनं स्वयंपाक करत, आणि तास भरला की वर्गात बसत. फी घामानं भरली जाई. १९४८ नंतर भाऊरावांच्या एका भाषणाचा राग धरून सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं, तेव्हा गाडगेबाबांनी मुख्यमंत्री खेरांकडे शब्द टाकला. १९५४ मध्ये कराडला कॉलेज निघालं, त्याला नाव दिलं ते सद्गुरू गाडगे महाराजांचं.

या बोर्डिंगातल्या पोरांनी पुढे काय केलं, हे पाहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. बॅरिस्टर पी. जी. पाटील भाऊरावांच्या हाताखाली वाढले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि वकिली थाटण्याऐवजी रयतमध्येच रुजू झाले. शिवाजी कॉलेजचे प्राचार्य, संस्थेचे सचिव, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू अशी त्यांची वाट गेली. भाऊरावांचं मोठं इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिलं. पाटण तालुक्यातल्या रामापूरचे बापूजी साळुंखे रयतेच्या मुशीत घडले आणि १९५४ मध्ये कोल्हापुरात स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढून त्यांनी वेगळी वाट धरली. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील पन्नासच्या दशकात शिवाजी कॉलेजात शिकवत होते आणि ‘कमवा व शिका’च्या मुलांचे रेक्टर होते, पुढे अनेक वर्षं संस्थेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे राहिलं. सांगली जिल्ह्यातल्या सोनसळचे पतंगराव कदम साताऱ्यात याच योजनेत शिकले, हडपसरला रयतेच्या साधना विद्यालयात शिक्षक झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी पुण्यात भारती विद्यापीठ उभारलं. या सगळ्यांचं देणं एका प्रकारचं नाही. कुणी परत येऊन राबला, कुणी बाहेर जाऊन दुसरं घर बांधलं. पण कुणीही धनादेश देऊन मोकळा झाला नाही.

सांगलीत मात्र पैशाचं दान लवकर आलं. धोंडूमामा साठ्यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या अभियांत्रिकी कॉलेजला १९५५ साली वालचंद हिराचंद यांचं नाव लागलं, आणि त्यामागे वालचंद समूहाची देणगी होती. उद्योगपतीचं दान असं एकरकमी येतं आणि इमारतीच्या कपाळावर दिसतं.

साठच्या दशकाच्या सुमारास चित्र बदललं. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना फी माफ झाली, ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरं त्या पिढीतल्या प्रत्येक घरात ठाऊक होती. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आलं. शिक्षणाचा मोठा भार सरकारनं उचलला, कॉलेजातला प्राध्यापक पगारदार झाला, आणि माजी विद्यार्थ्याचं देणं हळूहळू बक्षिसापुरतं उरलं. आई-वडिलांच्या स्मरणार्थ कायम ठेव ठेवायची, तिच्या व्याजातून अमुक विषयात पहिल्या येणाऱ्याला पारितोषिक द्यायचं. स्नेहसंमेलनात नाव पुकारलं जातं, मुलगी स्टेजवर येते, पाहुण्यांच्या हातून पाकीट घेते, फोटो निघतो. पाकिटात किती असतं? हजाराची ठेव दहा टक्क्यांनी शंभर रुपये देत होती, तेव्हा त्यात दोन-तीन पुस्तकं येत. आज सहा-सात टक्क्यांनी साठ-सत्तर रुपये होतात, आणि एका पुस्तकालाही ते पुरत नाहीत. देणाऱ्याची भावना तेवढीच खरी राहिली, रक्कम मात्र विरत गेली.

त्याहून मोठी अडचण दुसरी आहे. बक्षीस पहिल्या आलेल्याला मिळतं. भाऊराव विचारत ते गरज आहे का आणि राबायची तयारी आहे का, एवढंच. पहिला नंबर बहुधा त्याचा येतो ज्याच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली असते. गेल्या काही वर्षांत नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचं योगदान हा स्वतंत्र मुद्दा झाला आणि कॉलेजागणिक नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ उभे राहिले. मेळावे भरतात, फेटे बांधले जातात, देणग्या जाहीर होतात. त्या देणग्यांना गरजेची दिशा देण्याची संधी आत्ता आहे, आणि ती घालवली तर हळहळ वाटेल.

कुठं गरज आहे? एक जागा तर डोळ्यांसमोर आहे, प्राणिशास्त्राचं क्षेत्रकाम. सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांची प्रयोगशाळा भिंतींबाहेर पसरली आहे. कोयनेचा शिवसागर, वारणेवरचं चांदोली, २०१० मध्ये या दोन्हींच्या जंगलांतून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, मायणीचा पक्ष्यांचा तलाव. शिवाय सागरेश्वर, जिथं धों. म. मोहित्यांनी उजाड डोंगरावर रान उभं करण्यासाठी आयुष्य घातलं. सांगलीजवळ कृष्णेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यामागचं कारण शोधायला पाण्याचे नमुने घेणारी, माशांच्या जाती ओळखणारी स्थानिक पोरं हवीत. अमेरिकेतल्या राज्य विद्यापीठांच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागांत माजी विद्यार्थ्यांच्या नावानं शिष्यवृत्त्या असतात. तिथलं क्षेत्रकाम बव्हंशी उन्हाळ्यात चालतं आणि त्याच्या खर्चालाही त्यांतून हातभार लागतो.

आपल्याकडे हा हंगाम पावसाळ्यात येतो. जून ते सप्टेंबर मासे अंडी घालतात, बेडूक बाहेर पडतात, ओढे वाहते होतात. एस.टी.चं भाडं, गमबूट, रेनकोट, दोघांत मिळून एखादी दुर्बीण, पाटण किंवा शिराळ्याला चार दिवस राहायची सोय, एवढाच खर्च असतो. पण नेमक्या त्याच महिन्यांत घरात बी-बियाणं आणि खत आणायचं असतं, कॉलेजची फीही तेव्हाच भरायची असते, आणि बाप म्हणतो, औंदा राहू दे. बक्षिसाचं पाकीट मिळतं ते जानेवारी-फेब्रुवारीच्या संमेलनात, जेव्हा ओढे आटलेले असतात. ठेवीचं व्याज मार्चअखेर खात्यावर जमा होतं. ते पहिल्या नंबरासाठी संमेलनापर्यंत न अडवता गरजूच्या हाती जूनमध्येच द्यायचं, तर माजी विद्यार्थी संघाच्या सभेत एक ठराव आणि देणगीदाराच्या कुटुंबाची एक संमती, एवढंच लागतं.